नंबर दिला का?

संपादक मंडळाने "मराठी विभागासाठी काहीतरी हलकंफुलकं लिही" अशी गळ घातली तेव्हा मी लगेच "हो" म्हटलं. पुढे ते काय म्हणाले ते मात्र मी ऐकलंच नाही. ती लेख देण्याची शेवटची तारीख होती, हे मला ती उलटून चार दिवस झाल्यावर कळलं!

तर मित्रमैत्रिणींनो आणि गुरुजनहो, हा लेख या 'न ऐकण्या'बद्दलच आहे. हलकाफुलका होईल की नाही, सांगता येत नाही. आणखी एक. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. मराठी घरी भरपूर बोलले, पण लिहिलं ते फक्त पेपरात. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

सेकंड इयरची गोष्ट. रात्री साडेदहाला माझी रूममेट फोनवर बोलून आत आली आणि कॉटवर बसून राहिली. मी विचारलं, "काय झालं गं?" ती सांगायला लागली. वडिलांचं दुकान बंद करायची वेळ आली होती. पुढच्या सेमची फी कशी भरायची, असा प्रश्न होता. तिचं तिसरं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हणाले, "अगं, माझ्या मामांचंही अगदी असंच झालं होतं!" मग मामा, मामांचा ट्रक, ट्रकचं कर्ज, कर्ज देणारा माणूस, त्या माणसाचा कुत्रा... दहा मिनिटं मी बोलत होते. ती गप्प झाली. मला वाटलं, तिला बरं वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये, सगळ्यांसमोर, मी तिला विचारलं, "फी भरलीस का गं? लवकर भर, नाहीतर दंड लागेल." तिने ताट तसंच ठेवलं आणि निघून गेली. देवाशपथ सांगते, रात्रीचं बोलणं मला आठवतच नव्हतं. मामांचा कुत्रा आठवत होता!

आठवड्याने तिने रूम बदलून घेतली. जाताना एवढंच म्हणाली, "तू वाईट नाहीस. पण तुझ्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं. भिंत निदान मध्ये बोलत नाही."

मी खूप रडले. कारण तिची गोष्ट मला ऐकायची नव्हती असं अजिबात नव्हतं. मला ऐकायची होती. मग ऐकली का नाही?

उत्तर मिळायला सहा महिने लागले. माझी आतेबहीण नर्स आहे. तिने सुट्टीत मला पुण्याच्या एका मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. मला वाटलं होतं, रक्त घेतील, मशीनमध्ये घालतील. तसं काही नसतं. रक्ताच्या तपासणीत हे दिसत नाही. दोन वेळा बसवून खूप प्रश्न विचारले, आईशी बोलले आणि शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं मागवली. त्यात दरवर्षी एकच शेरा होता, "इंटेलिजंट, बट डे-ड्रीम्स. टॉक्स आउट ऑफ टर्न." शिक्षक बदलले, अक्षर बदललं, शेरा तोच! डॉक्टर हसले आणि म्हणाले की अर्धं निदान तुझ्या शाळेने आधीच लिहून ठेवलंय. निदान होतं एडीएचडी, म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर.

नाव नवीन वाटतं, पण गोष्ट जुनी आहे. अलेक्झांडर क्रायटन नावाच्या डॉक्टरने १७९८ मध्येच लक्ष न टिकणाऱ्या माणसांचं वर्णन लिहून ठेवलं होतं. १९०२ मध्ये लंडनला जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या पुस्तकात 'अटेन्शन डेफिसिट' हे नाव १९८० मध्ये आलं आणि आजचं नाव १९८७ मध्ये. हा फक्त लहान मुलांचा प्रकार नाही, मोठेपणीही तो बऱ्याच जणांत राहतो, हे आता पक्कं मानलं जातं. मुलींच्या बाबतीत तर तो पुष्कळदा निसटतोच. बाकावर चढणारा मुलगा सरांना दिसतो, खिडकीबाहेर बघणारी मुलगी कोणाला दिसते?

त्या पुस्तकात एकूण अठरा लक्षणं दिली आहेत. मी ती मोजत बसले (अभ्यास सोडून काहीही करायला मला आवडतं). त्यातली पाच सरळसरळ बोलण्या-ऐकण्याची निघाली. समोरचा बोलत असताना ऐकत नाही असं वाटणं, फार बोलणं, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणं, आपल्या पाळीची वाट न बघता येणं आणि दुसऱ्याच्या बोलण्यात घुसणं. म्हणजे माझी रूममेट डॉक्टर नसूनही तिचं निदान बरोबर होतं!

आत काय होतं ते आपल्या भाषेत सांगते. समोरचा बोलत असताना आपल्याला एकाच वेळी तीन कामं करावी लागतात. त्याचं वाक्य धरून ठेवायचं, आपल्या मनात आलेलं उत्तर धरून ठेवायचं आणि आपलं तोंड धरून ठेवायचं. हे सगळं ज्या जागेत होतं तिला वर्किंग मेमरी म्हणतात. माझा हा बफर लहान आहे. मुद्दा आत्ताच्या आत्ता बोलले नाही तर तो जाणार, ही भीती मला खरोखर असते, कारण तो खरोखर जातो. म्हणून मी मध्येच बोलते. आणि तो धरून ठेवायचा प्रयत्न केला तर समोरच्याचं वाक्य सांडतं. दोन्हीकडून नुकसान ठरलेलंच!

लहानपणापासून मला यावर दोनच उपाय सांगितले गेले. शाळेत "डोन्ट इंटरप्ट" आणि घरी "लक्ष कुठंय तुझं?" काय करू नये हे सगळ्यांनी सांगितलं. कसं करावं हे कोणी सांगितलं नाही. ते सांगितलं माझ्या आबांनी, आणि ते चौथी पास आहेत.

आमचं गाव केम. करमाळा तालुका, जिल्हा सोलापूर. सोलापूरकडून पुण्याला जाताना कुर्डुवाडी सोडलं की जेऊरच्या आधी लागतं. खिडकीतून बघितलं तर साधं स्टेशन आहे, पण गाव कुंकवासाठी प्रसिद्ध. तुमच्या घरी पंढरपूर-तुळजापूरहून आलेली कुंकवाची पुडी कदाचित आमच्या गावातूनच निघालेली असेल. उत्तरेश्वराचं मंदिर हे आमचं दैवत. आबा रेल्वेत गेटमन होते. आता रिटायर आहेत आणि ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आवाजावरून ओळखतात.

सुट्टीत मी त्यांना सगळं सांगितलं. इंग्रजी नाव, अठरा लक्षणं, सगळं. ते म्हणाले, "म्हंजी ध्यान ऱ्हात न्हाय, एवढंच ना?" मी म्हटलं, "आबा, एवढंच नाही हो..." तर त्यांनी मला थांबवलं आणि गेटची गोष्ट सांगितली.

गाडी सोडायच्या आधी स्टेशन मास्तर गेटवर फोन करायचे. आबांनी फाटक बंद करायचं, कुलूप घालायचं आणि परत फोनवर येऊन एक नंबर सांगायचा. त्याला 'प्रायव्हेट नंबर' म्हणतात. गेटवर एक छापील तक्ता असतो, त्यात उलटेसुलटे आकडे असतात. ओळीने पुढचा आकडा सांगायचा आणि खोडायचा. मास्तर तो आपल्या रजिस्टरला लिहून घेणार. नंबर मिळाला नाही तर सिग्नल नाही.

मी विचारलं, "पण नुसतं 'बंद केलं' म्हटलं तर काय बिघडलं?"

आबा म्हणाले, "बाय, 'व्हय व्हय' तर माणूस झोपंत बी म्हणतो. नंबर सांगायला उठावं लागतं, बत्ती लावून कागद बघावा लागतो. माणूस चांगला का वाईट, हे रेल्वे बघत न्हाय. माणूस चुकणार, हे धरूनच चालती."

मित्रहो, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी वीस वर्षं स्वतःला विचारत होते, "मी चांगली आहे की वाईट?" प्रश्नच चुकीचा होता! खरा प्रश्न असा की, मी चुकणार हे धरून मी काय व्यवस्था केली आहे?

आपण कॉम्प्युटर नेटवर्क्सला हेच शिकतो. टीसीपीत पाठवलेला डेटा पोचला याची पावती परत आली नाही तर तो पुन्हा पाठवला जातो. यूडीपीत नुसतं पाठवायचं, पोचलं की नाही देव जाणे. हॉस्टेलमधल्या बहुतेक गप्पा यूडीपीवर चालतात. हवामानाच्या गप्पांना ते ठीक आहे. वडिलांच्या दुकानाला ठीक नाही.

आणि हे फक्त माझ्यासारख्यांसाठी नाही. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दोन जम्बो जेट धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. धुकं होतं, घाई होती, रेडिओवर दोन आवाज एकमेकांवर आले. पण त्यात एक शब्द होता 'ओके'. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना वैमानिक निघाला होता, आणि कंट्रोलरने 'ओके' म्हणून मग थांबायला सांगितलं. पुढचे शब्द खरखरीत बुडाले. त्यानंतर विमानतळावर बोलायची भाषाच कडक झाली. नुसतं 'ओके' पुरत नाही, सूचना परत म्हणून दाखवावी लागते. ते वैमानिक काही एडीएचडीचे नव्हते. अनुभवी माणसं होती. तेव्हा "मनापासून ऐक, म्हणजे सगळं ऐकू येतं" हे वाक्य मला पटत नाही. मन लागतंच, पण मनाबरोबर पद्धतही लागते.

माझ्या पद्धती अशा :

एक. नंबर देणे. समोरच्याचं झालं की मी ते माझ्या शब्दांत परत म्हणते. "म्हणजे शुक्रवारी नाही, शनिवारी दहाला, आणि जर्नल सही करून. बरोबर?" दुःखात असलेल्या मैत्रिणीशी मात्र असं पंचनाम्यासारखं बोलायचं नसतं. तिथे "तुला फीपेक्षा बाबांची जास्त काळजी वाटतेय, असंच ना?" असं म्हणायचं. चुकलं तर ती दुरुस्त करते. दुरुस्त करताना आणखी सांगते. हा फायदा मला आधी माहीत नव्हता.

दोन. छोटी वही. मध्ये बोलावंसं वाटलं की मी एकच शब्द लिहून ठेवते, 'मामा'. शब्द कागदावर गेला की तो हरवायची भीती जाते आणि बफर मोकळा होतो. पण आधी सांगून ठेवते, "मी लिहितेय म्हणजे ऐकतेय." नाहीतर लोकांना वाटतं मी रांगोळी काढतेय.

तीन. मामांचा नियम. माझी गोष्ट सांगायच्या आधी तिच्या गोष्टीबद्दल निदान एक प्रश्न विचारायचा. "माझंही असंच झालं" हे आपण 'मला तुझं कळतंय' या अर्थाने म्हणतो. ऐकणारीला मात्र 'आता माझं ऐक' असंच ऐकू येतं.

चार. जागा निवडणे. दोनशे ताटं वाजत असतात आणि टीव्ही चालू असतो, तिथे मला कोणीही महत्त्वाचं सांगू नये. ग्राउंडला चक्कर मारत सांगा, प्रत्येक शब्द ऐकेन. डोळ्यांत डोळे घालून ऐकायला लावलं तर माझं सगळं लक्ष डोळे हलू नयेत याकडे जातं. केमला आजीशी माझ्या सर्वात छान गप्पा शेंगा फोडताना होतात. हात कामात असले की कान जागेवर राहतात.

पाच. हरवले तर कबूल करणे. "थांब, माझी लिंक तुटली. दुकानापर्यंत ऐकलं, पुढचं परत सांग." हे बोलायला भयंकर लाज वाटते. पण 'हं... हं...' करत राहणं म्हणजे फाटक उघडं ठेवून 'बंद केलं' म्हणणं.

हे सगळं करून मी सुधारले का? थोडीशी. परवाच एका व्हायव्हात सरांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत मी उत्तर देऊन टाकलं. उत्तर बरोबर होतं, पण प्रश्न तो नव्हता! मार्क गेले. असो.

आता थोडं इतरांना. प्राध्यापकांना नम्र विनंती. तास संपल्याची बेल वाजत असताना, सगळे दप्तर भरत असताना, तोंडी सांगितलेली सूचना आमच्यापर्यंत पोचत नाही. फळ्यावर दोन ओळी लिहा. त्याचा उपयोग साठच्या साठ मुलांना होईल. आणि एखादा विद्यार्थी खिडकीकडे बघत ऐकत असेल तर तो उद्धटच असेल असं धरू नका. त्याला काय ऐकलं ते विचारून बघा. 'तारे जमीन पर' २००७ च्या डिसेंबरमध्ये आला, आणि डिस्लेक्सिया हा शब्द घराघरात पोचला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांच्या यादीत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं वेगळं नाव नाही. मी सवलत मागत नाहीये. दोन ओळी मागतेय.

मित्रांना विनंती अशी की, खुणा ठरवा. आताची माझी रूममेट मी भरकटले की टेबलावर दोनदा टकटक करते. मला राग येत नाही, कारण आम्ही ते भांडण नसताना ठरवलंय.

काहीजण म्हणतील, "आजकाल सगळ्यांनाच एडीएचडी असतं, फॅशन आहे." त्यांचं अर्धं खरं आहे. दोन रील बघून स्वतःवर शिक्का मारून घेणारे आपल्या विंगमध्येच चार सापडतील. कंटाळवाण्या लेक्चरला लक्ष न लागणं हा आजार नाही, तो सदसद्विवेक आहे! निदानासाठी लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून असावी लागतात, एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसावी लागतात आणि त्याने आयुष्यात खरोखर अडावं लागतं. ते ठरवायला डॉक्टर लागतो. कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन २०२२ पासून आहे, नंबर १४४१६.

आणि एक गोष्ट स्पष्टच लिहिते, कारण सबमिशनच्या रात्री मला दोघींनी विचारलंय, "ती तुझी गोळी एक दे ना, जागायचंय." नाही. यातली काही औषधं अमली पदार्थविषयक कायद्याखाली येतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती घेणंही चूक आणि देणंही. हृदयावर, झोपेवर काय होईल ते मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. गोळी म्हणजे चहा नव्हे.

दुसरे काहीजण म्हणतील, "म्हणजे आता निमित्त मिळालं!" याचं उत्तर मी देण्यापेक्षा माझ्या जुन्या रूममेटने दिलेलं बरं. निदान झाल्यावर मी फाइल घेऊन तिच्या रूमवर गेले. मला वाटलं होतं, रिपोर्ट बघून ती म्हणेल, "अरे, मग तुझी चूक नव्हतीच!" तिने फाइल उघडलीसुद्धा नाही. म्हणाली, "रिपोर्ट ठेव खाली. त्या रात्रीचं राहिलंय, ते ऐकतेस का?"

मी ऐकलं. ग्राउंडला सहा चकरा झाल्या. वहीत दोन शब्द लिहिले आणि एकही बोलले नाही. दुकान बंद झालं होतं. फी हप्त्याने भरायची सोय झाली होती, पण ऑफिसात अर्ज घेऊन ती एकटी गेली होती. त्या दिवशी सोबत कोणीतरी हवं होतं, एवढंच तिचं म्हणणं होतं. शेवटी मी म्हणाले, "म्हणजे तुला राग मी विसरले याचा नाही. तू एकटी गेलीस याचा आहे." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हो. तेच."

ती परत माझ्या रूममध्ये आलेली नाही. येईल असंही नाही. रिपोर्टने झालेलं दुःख पुसलं जात नाही, आणि जाऊही नये. पण पुढच्या हप्त्याच्या दिवशी ऑफिसच्या रांगेत आम्ही दोघी होतो.

दर रविवारी केमला फोन करते. आबांना आता कमी ऐकू येतं, त्यामुळे ते मलाच प्रत्येक गोष्ट परत म्हणायला लावतात. मागच्या रविवारी आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख सांगितली आणि मी सवयीने म्हटलं, "हो हो आबा, कळलं."

पलीकडून लगेच आवाज आला, "नंबर दिला का?"

मी तारीख परत म्हणून दाखवली. एक दिवस चुकली होती!

बघा, पटतंय का.